हातावर नको

विमानाचं दार उघडलं आणि दातांच्या डॉक्टरने दोन्ही हातांनी जी चौकट धरली, ती सोडलीच नाही. खाली समुद्र, किनाऱ्यावर रिसॉर्टची इवलीशी छपरं, आणि मधे नुसती हवा. पाठीशी पट्ट्यांनी बांधलेल्या, पॅराशूटवाल्या प्रशिक्षकाने कानाशी येऊन विचारलं, उडी मारायची ना? डॉक्टरने नकारार्थी मान हलवली. प्रशिक्षकाने निमूटपणे त्याला मागे घेतलं. अशी माणसं त्याला नवीन नव्हती.

मित्रांना मात्र हेच हवं होतं. आपापल्या प्रशिक्षकाबरोबर दाराकडे सरकताना प्रत्येक जण डॉक्टरच्या हेल्मेटवर टपली मारून गेला. आधी वकील, मग जाड्या, शेवटी कप्तान. कप्तान कसला, रंगाचा कारखाना आहे त्याचा; पण कॉलेजात क्रिकेटच्या संघाचा कप्तान होता आणि ते पद त्याने पुढे कोणाला दिलंच नाही.

"ससोबा, खाली भेटू," तो म्हणाला आणि गेला.

खाली काय होणार ते डॉक्टरला ठाऊक होतं. होस्टेलपासूनचा नियम होता: सहलीत जो कच खाईल त्याला मालिश. नियम सगळ्यांना सारखा, पण दर वेळी ही पाळी एकट्या डॉक्टरवरच कशी येते, असं कधी कोणी विचारलं नाही. कप्तान सहल ठरवायचाच तशी. मागच्या खेपेला बरगडीला चीर गेली होती आणि डॉक्टरने बायकोला बाथरूममध्ये पाय घसरला म्हणून सांगितलं होतं.

धावपट्टी किनाऱ्याला लागूनच होती. विमान उतरल्यावर त्याला सरळ खोलीत जाऊन कडी लावता आली असती. पण पंचेचाळिशीच्या माणसाने मित्रांना घाबरून कडी लावायची म्हणजे फारच झालं. तो हेल्मेट डाव्या हातात लोंबकळवत वाळूत उतरला.

तिघं वाटच बघत होते. जाड्याने त्याला मागून कवेत धरलं, कप्तानने पाय ओढले, आणि डॉक्टर तोंडावर पडला. पाठीत गुडघा बसला. कमरेत लाथ बसली. वकील एका हाताने बुक्के घालत होता आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर शूटिंग करत होता. नंतर सगळ्यांनी मिळून ते बघायचं असायचं. हसून हसून तिघांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. डॉक्टरही हसत होता. तेही नियमातच होतं.

"हातावर नको रे," तो मधेच म्हणाला. "सोमवारी पेशंट आहेत."

कप्तान थांबला. त्याने डॉक्टरच्या उजव्या हातावर बुटाची टाच ठेवली.

"हाच ना तो? दार धरून बसलेला?" असं म्हणून त्याने सगळा भार टाकला आणि टाच फिरवली.

बोटांतून निघालेली कळ थेट डोक्यात गेली. डॉक्टरचं हसणं थांबलं. त्याचा चेहरा कसा झालाय ते बघायला कप्तान खाली वाकला, तेवढ्यात डॉक्टर कुशीवर वळला आणि त्याने डाव्या हातातलं हेल्मेट कप्तानच्या तोंडावर हाणलं.

कडकन आवाज झाला. तो आवाज डॉक्टरच्या रोजच्या ऐकण्यातला होता. त्याने पुन्हा हाणलं. कप्तान आडवा झाला तसा त्याच्या छातीवर बसून नाकावर मारलं, ओठांवर मारलं, हेल्मेट निसटलं तेव्हा कोपराने मारलं. इतक्या वर्षांचं साठलेलं त्या एका तोंडावर निघत होतं. शेवटी जाड्याने काखेत हात घालून त्याला उपटलं आणि बाजूला फेकलं. वकिलाचा मोबाइल एव्हाना खिशात गेला होता.

कप्तान उठून बसला. हनुवटीवरून रक्त गळत होतं. त्याने जिभेने वरची हिरडी चाचपली. पुढचा दात नव्हता.

"गंमत चालली होती," तो बोबडं बोलला. "गंमत कळत नाही का तुला?"

डॉक्टर आहेस, काहीतरी कर, असं वकील म्हणाला. डॉक्टर उजवा हात पोटाशी धरून वाळूत बसला होता. पेशंटला समजावतात त्या आवाजात त्याने सांगितलं की दात मुळासकट पडलाय, लवकर दुधात घालून नेला तर परत बसतो, वाळला की मेला. जाड्याला त्याने दूध आणायला पिटाळलं. उरलेल्या दोघांना रांगायला लावलं. पाय टाकायचा नाही, बोटांनी वाळू चाळायची. त्याचं कोणी इतकं मुकाट्याने ऐकल्याचं त्याला आठवत नव्हतं.

दात डॉक्टरच्याच उजव्या मुठीत होता. जाड्याने फेकलं तेव्हा तो नेमका हाताखाली आला होता आणि सुजत चाललेली बोटं त्याच्यावर मिटली होती. मूठ उघडावी असं डॉक्टरच्या मनात आलंही. मग त्याने कप्तानकडे पाहिलं. कप्तान गुडघ्यांवर रांगत होता आणि लहान मुलासारखा रडत होता. डॉक्टरला बरं वाटलं. आता आपल्याला लाज वाटेल म्हणून त्याने थोडी वाट पाहिली, पण लाज काही वाटली नाही.

जाड्या दुधाचा ग्लास घेऊन धापा टाकत आला.

"फार दुखतंय रे," कप्तान म्हणाला. "सापडेल ना?"

"शोध," डॉक्टर म्हणाला. "हसत हसत शोध."

कप्तानने वर पाहिलं आणि फुटलेले ओठ ताणून हसायचा प्रयत्न केला. वारा सुटला होता. दुधात वाळू जाऊ नये म्हणून जाड्याने ग्लास हाताने झाकून धरला.