लांबच्या फेरीआधी

कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात इंटरनेटच्या खुणेवर फुली बघून मेस्त्रींच्या काळजात धस्स झालं.

त्यांनी फुलीवर क्लिक केलं. इंटरनेट नाही म्हणे! अहो, मघाशी तर होतं. त्यांनी वायर काढून परत खोचली, टेबलाखाली वाकून पाहिलं. फुली काही जाईना.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आज दुपारी याच कॉम्प्युटरवर सूनबाईची मुलाखत होती. दूरच्या शहरातली कंपनी, घरांचे नकाशे काढायचं काम. नुसतं बोलायचं असतं तर फोनवर भागलं असतं, पण कंपनीवाल्यांना तिच्याकडून डोळ्यांदेखत नकाशा काढून घ्यायचा होता. नोकरी लागली की ती चिमणीला घेऊन तिकडे जाणार. मुलगा वारल्यापासून घरात तीनच माणसं उरली होती, मेस्त्री, सून आणि नात चिमणी. त्यातली दोन आता निघायच्या बेतात. "जा पोरी, तुझं आयुष्य पडलंय," हे मेस्त्रींनीच तिला छातीवर दगड ठेवून सांगितलं होतं. एकदा नव्हे, रोज.

मग हा नसता उपद्व्याप कशाला? तर सवय. मेस्त्रींचा उभा जन्म बसडेपोत गेला. लांबच्या फेरीची गाडी आधी तपासणीच्या खड्ड्यावर घ्यायची, खालून-वरून तपासायची, मगच सोडायची. सून आंघोळीला गेली आणि पडद्यावर पाटी झळकली, मदरबोर्डचे नवे ड्रायव्हर आले आहेत. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरचा एकेक भाग हाकणारे प्रोग्राम, एवढं मेस्त्रींना ठाऊक होतं. म्हटलं, चला, पोरीची गाडी सर्व्हिस करून ठेवू. आणि नवा पार्ट बसवायचा तर जुना आधी काढायचा, हे डेपोतलं शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी जुने सगळे काढून टाकले. इंटरनेटचासुद्धा. आता नवे उतरवून घ्यायचे, तर इंटरनेट कुठाय?

बिघडलं ते बिघडलं, पण सून काय समजेल? परवाच शेजारच्या काकू जिन्यात कुणाला तरी सांगत होत्या, "म्हातारा कसला सोडतोय तिला? ऐन वेळी खोडा घालतो की नाही बघा!" झालं. त्यांच्या तोंडात साखर पडली. आता गळ्याची आण घेतली तरी कोण विश्वास ठेवणार?

"काय झालं, बाबा?"

सून दारात उभी होती, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून. "मी नुसतं... नवे ड्रायव्हर... जुने काढले गं," एवढंच मेस्त्रींच्या तोंडून बाहेर पडलं. ती खुर्चीत बसली. इकडेतिकडे क्लिक करून पाहिलं. मेस्त्री भिंतीला चिकटून उभे. आता ओरडेल, आता रडेल.

तिने खुर्ची मागे सरकवली. "राहू द्या, बाबा. नाही तर नाही. कळवते त्यांना, कॉम्प्युटर बिघडला म्हणून."

इतकं शांतपणे! दोन शब्द बोलली असती तर बरं, असं मेस्त्रींना वाटलं. हिने तेच धरलं म्हणायचं. हिला वाटतंय, मी मुद्दाम केलं.

आणि तेवढ्यात त्यांना आतून बरं वाटलं. चिमणी संध्याकाळी शाळेतून येईल, दप्तर भिरकावेल. उद्याही येईल. परवाही. हे मनात आलं मात्र, मेस्त्री चरकले. खरंच चुकून झालं ना हे? त्यांना छातीठोकपणे सांगता येईना. इतका वेळ ते सुनेला भीत होते. आता स्वतःलाच भ्यायला लागले.

ते तडक बाल्कनीत गेले आणि कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"आजोबा, नवा आणायच्या आधीच जुना काढलात?" तो खो खो हसला. "घाबरू नका हो. चार्जिंगच्या वायरने मोबाइल कॉम्प्युटरला जोडा. मोबाइलचं इंटरनेट त्याला द्या आणि नवा उतरवून घ्या. चुटकीसरशी होईल."

फोन बंद झाला तरी मेस्त्री तिथेच उभे. आत जाऊन 'नाही जमणार म्हणाला' एवढं सांगायचं, की संपलं. या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. पण फेरीची गाडी अडवून मेस्त्री जन्मात कधी घरी गेले नव्हते.

"थांब पोरी, कळवू नकोस," ते आत येत म्हणाले. मोबाइलची वायर आधी उलटी खोचली, मग सुलटी. एकदाची गेली. नवा ड्रायव्हर उतरला, बसला. फुली गेली.

"झालं?" सुनेने विचारलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मुलाखतीची धास्ती असणार.

"झालं. बस तू."

मुलाखतीची वेळ झाली तशी दार लोटून मेस्त्री स्वयंपाकघरात जाऊन बसले. चहा टाकला, तो उतू गेला. आतून कधी सुनेचा आवाज येई, कधी समोरच्यांचा. मग कुणीतरी हसलं. मग दार उघडलं.

"घेतलं त्यांनी. पुढच्या महिन्यात बोलावलंय."

"छान झालं गं," मेस्त्री म्हणाले. त्यांना राहवेना. "पोरी, मी मुद्दाम नव्हतं केलं. चिमणीची शपथ."

सून दाराच्या चौकटीला टेकली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"मला वाटलं, मुद्दामच केलंत, बाबा. म्हटलं, चला, एकदाचं कुणीतरी मला 'जाऊ नकोस' म्हणालं!"