निगेटिव्हवरची पेन्सिल

नातीने संगणकावर एका नवरीचा सावळा चेहरा उजळवला, तसे आजींनी फर्मावले, “होता तसा कर.” “आजी, गिऱ्हाईक तुटेल गं.” “तुटू दे.” आजींना आपल्या फोटो स्टुडिओचे पहिले दिवस आठवले. तेव्हा निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की छापलेला चेहरा गोरा दिसे. एका बड्या घरच्या बाईंनी लेकीला खुर्चीवर बसवून बजावले होते, “हिचं लग्न जमवायचंय, उजळ करा.” आजींनी पेन्सिलीला हातही लावला नाही. सावळाच फोटो पाहून बाई तणतणत गेल्या. “या हट्टापायी कुत्रंही फिरकणार नाही,” नवरा कुरकुरला. “नाही तर नाही. समोर बसेल तेच माणूस छापीन.” कित्येक दिवस दोघे माशा मारत बसले. मग एका दुपारी तीच मुलगी एकटी आली, खुर्चीवर ताठ बसून म्हणाली, “पुन्हा काढा. त्या दिवशी माझी मान खाली होती.”