खिडकीपुढची भिंत

"आता वीट ठेवायची तर माझ्या डोक्यावर ठेव," असं म्हणून तिनं खुर्ची ओढली आणि शेजाऱ्याच्या नव्या जोत्यावर ऐन मध्यभागी जाऊन बसली.

गवंड्यानं थापी घमेल्यात टाकली. "मावशी, माल कालवून ठेवलाय. वाळून दगड होईल त्याचा."

"होऊ दे. तुझ्या मालकाच्या काळजाला शोभेल."

तिच्या घराची ही बाजू हद्दीवरच होती. खिडकी उघडली की समोर थेट शेजाऱ्याचं अंगण. आता तिथं खोली होत होती, आणि त्या खोलीची भिंत खिडकीला खेटून चौकटीच्या खालच्या कडेपर्यंत आली होती. आणखी थोडे थर चढले की आत दिवसाढवळ्या दिवा लावावा लागणार होता.

आत तिचा नवरा होता. पोस्टमन. उभा जन्म पायांवर काढलेला माणूस. झटक्यानं अर्धं अंग गेलं आणि जिभेला गाठ बसली. डॉक्टर म्हणाले, मन रमवा. तिनं एकटीनं पलंग ढकलत खिडकीशी नेला. समोर अंगणात माणसं येत-जात, धुणं वाळत पडे, शेजाऱ्याची मुलगी सायकल शिके. सायकल पोस्टमनचीच. पडून गंजण्यापेक्षा चालती राहू दे, म्हणून हिनंच दिलेली. मुलगी फेरी मारून आली की ही म्हणायची, "बघा, तुमची सायकल कशी पळतेय!" त्याच्या डोळ्यांना पाणी यायचं. ही पदरानं टिपायची. बाई गं, एवढं तरी सुख उरलंय माणसाला, असं तिला वाटायचं.

एक वाक्य जुळवायला त्याला फार वेळ लागे. तिला स्वयंपाक, औषधं, धुणं, चादरी. मग त्याचं वाक्य तीच पुरं करून टाकायची. तो "खि..." म्हणाला की हिनं खिडकी सताड उघडलीच. "पाणी" म्हणायच्या आत भांडं तोंडाशी. एवढं मनातलं ओळखणारी बायको लाखात एक, असं येणारेजाणारे म्हणायचे आणि ते तिला आवडायचंही.

शेजारी वायरमन होता. वयानं लहान, पण माणूस जिवाचा. दर रविवारी येऊन पोस्टमनची दाढी करायचा, उचलून आंघोळीला न्यायचा. हिला म्हणायचा, "वहिनी, तुम्ही बाजारात जाऊन या. दादांजवळ मी बसतो." एका रविवारी ती परतली तर दाढी अर्धीच झालेली, साबण गालावर वाळलेला, आणि वायरमन मान खाली घालून बसलेला.

"भांडलात की काय दोघं?"

"नाही वहिनी. गप्पांत राहून गेलं."

त्यानंतर काही दिवसांतच विटा आल्या. खोली खरं तर मागच्या बाजूला व्हायची होती. फक्कीनं आखूनही झाली होती. मग ही आखणी पुसून इकडे कशी वळली? तोंडावर गोड बोलायचं आणि पाठीत सुरी! तिनं त्याला दार बंद केलं. तेव्हापासून पोस्टमनची दाढी तीच करू लागली. कापायचं, पण करायची.

ती भांडली, रडली, चार माणसं मध्ये घातली. वायरमनचं एकच पालुपद, "वहिनी, माझी अडचण आहे." कसली, ते सांगेल तर शपथ. त्याची बायकोही हिच्या नजरेला नजर देत नव्हती.

आज संध्याकाळी तो कामावरून आला, तेव्हाही ती खुर्चीतच होती. उन्हानं चेहरा रापलेला.

"उठा वहिनी. चक्कर येईल."

"येऊ दे. तुझ्या पाया पडते. वैरिणीसारखी भांडले, चुकलं माझं. पण हा उजेड नको रे काढून घेऊस." तिनं खिडकीकडे बोट केलं. "त्यांचं जग आता एवढंच उरलंय. ते बुजलं तर हे भिंतीकडे तोंड करून मरून जातील. मग मी कुणाचं करू? सकाळी उठून काय करू मी?"

वायरमननं एकदा खिडकीकडे बघितलं. मग गवंड्याकडे वळला. "उतरवा भिंत. जोतंही उखडा."

"साहेब, सगळी मजुरी..."

"उतरवा म्हटलं ना."

तिला उठताच येईना. त्यानंच हात दिला. ती धडपडत घरात गेली. बाहेर पहार चालू झाली होती, विटा खाली पडत होत्या. तिनं पडदा सरकवला. पोस्टमननं डोळे घट्ट मिटले.

"अहो, उघडा डोळे. वाचली आपली खिडकी!" तिनं त्याची उशी उंच केली आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांनी अंगणाकडे वळवला. डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून कानात गेलं. ती हसत-रडत पुसत राहिली.

"खि..." तो म्हणाला. "खि..."

"हो हो, खिडकीच. आता कुणाची हिंमत नाही तिला हात लावायची."

वायरमन पलीकडून गजांपाशी येऊन उभा राहिला. तिच्याकडे त्यानं बघितलंच नाही. पलंगाकडे बघून त्यानं हात जोडले.

"माफ करा दादा. खिडकी बुजवून देईन म्हणून तुम्हाला शब्द दिला होता. पण वहिनींपुढे माझं काही चाललं नाही."