फुलपाखराचं काय झालं?

शाल्मली मुलाखतीला बसली आणि समोरच्या पडद्यावर तिचाच चेहरा हसला. चक्क नऊ वर्षांनी तरुण!

"घाबरू नका मॅडम," निमकर सर म्हणाले. "तुमच्या जुन्या कंपनीने काढलेली तुमच्या मनाची प्रत आम्ही भाड्याने घेतलीय. व्यापाऱ्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर तीच डिझाइन करते. तिच्यावर एक सीनियर डिझायनर हवीय. मुलाखतही तीच घेईल, तुम्हाला तिच्याइतकं कोण ओळखणार?"

शाल्मलीला ही नोकरी हवीच होती. वर्षभर सगळीकडे तिला नाकारून तिची प्रतच घेत होते.

प्रतीने कामाबद्दल काही विचारलंच नाही. "अगं, ओवीचं गॅदरिंग कसं झालं? ती फुलपाखरू होणार होती ना? माझी प्रत काढली त्या दुपारपर्यंतचंच मला आठवतं."

शाल्मलीची लेक ओवी आता दहावीत होती.

"मी गेलेच नाही," शाल्मली कशीबशी म्हणाली. "बिलाचा स्क्रीन पूर्ण करायचा होता."

प्रतीचं हसू मावळलं. मग ती निमकर सरांकडे वळली.

"घ्या हिला, सर. ही कधीच घरी लवकर जाऊ का म्हणून विचारणार नाही."