बाळसं

"वा! काय बाळसं धरलंय पाखरांनी!" संचालक चित्राला जवळजवळ नाक लावून म्हणाले. "थंडी मानवलेली दिसते."

बर्फाने वाकलेल्या फांदीवर अकरा चिमण्या. गोल, मान नसल्यासारख्या, चोची छातीत खुपसलेल्या. संग्रहालयाच्या नव्या दालनासाठी मामा सात आठवडे त्या रंगवत होता. तळघरातल्या या खोलीत बोललं की वाफ दिसायची. इथला एकुलता एक हीटर थंडीच्या पहिल्याच आठवड्यात वर गेला होता, संचालकांच्या खोलीत. तो परत मिळावा म्हणून भाचीने तीन अर्ज केले होते. ती याच संग्रहालयात पक्ष्यांचे नमुने सांभाळायची. मामाची बोटं वळेनाशी झाली, तेव्हापासून रोज सकाळी तीच कुंचला त्याच्या मुठीत देऊन वरून रुमाल बांधायची.

"सर, हीटरचं काय झालं?" तिने विचारलं.

"अहो, त्याच्यावाचून चित्र वेळेत झालंच की! म्हणजे गरज नव्हती, हे सिद्धच झालं." संचालक स्वतःच हसले. मग त्यांची नजर मामाच्या पोटावर गेली. "आणि मास्तर, थंडी तुम्हालाही मानवलीय बरं का. चिमण्यांपेक्षा तुमचंच बाळसं जास्त!"

मामाही हसला. साहेब हसले की हसायचं, ही त्याची जुनी खोड. भाचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे बाळसं नाही, सर. थंडीत चिमणी पिसं फुलवते आणि त्यांच्यात हवा कोंडून धरते. अंगातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. जितकी गोल, तितकी गारठलेली. मी वजनं केलीत. आत तीस ग्रॅमसुद्धा जीव नसतो."

"बरं, बरं. चित्राखालच्या पाटीवर लिहा ते."

"पाटी कशाला? दाखवतेच."

तिने मामाच्या कोटाची बटणं सोडली. एक, दोन, सगळी. आत स्वेटर. त्याच्या आत दुसरा, कोपरांवर विरलेला. मामा "अगं, अगं" करत राहिला. तिने दोन्ही स्वेटर एकदम वर ओढले. चुरगळून कोंबलेली वर्तमानपत्रं भसाभस जमिनीवर पडली आणि मामाचं पोट नाहीसं झालं. सदऱ्याखालच्या बरगड्या लांबूनही मोजता आल्या असत्या.

संचालकांनी मान खाली घातली. "हीटर... आत्ताच पाठवतो," असं पुटपुटत ते जिना चढून गेले.

"बघितलंस?" ती विजयाने मामाकडे वळली.

मामा हसत नव्हता. तो खाली बसून कागद गोळा करत होता. न वळणाऱ्या बोटांत एकही येत नव्हता.

"बटणं लाव आधी," तो म्हणाला. "सकाळपासून कोंडलेली हवा घालवलीस सगळी."