शेवटच्या सरीचं पाणी

सुनेची पाठ फिरताच हनुमंतनं बायकोच्या, जानकाबाईच्या, गुडघ्याखाली लावलेली चकती सोलून काढली आणि घोट्यापाशी चिकटवली. पाय हलायचा थांबला.

इतका वेळ तो आपला आपण उडत होता. चकती म्हणजे बॅटरीवर चालणारं, काडेपेटीएवढं यंत्र. ते नसेला टिचकी मारावी तसा करंट द्यायचं आणि दर टिचकीला पाऊल जरासं वर उचललं जायचं. जानकाबाईला त्यातलं काही कळत नव्हतं. साखरेच्या दुखण्यानं तिच्या पायांतली जाणीव कधीच नेली होती. म्हणून तर चपलेतून घुसलेला बाभळीचा काटा तिनं दिवसभर तसाच मिरवला आणि तळव्याची जखम चिघळली. कुंपणापलीकडचा कुशाबा रोज विचारायचा, वैनीला दुखतंय का? हनुमंत सांगायचा, न्हाई. मग बरं हाय, असं म्हणून कुशाबा खुशाल गोठ्याकडं वळायचा, आणि हनुमंतला हातातली बादली त्याच्या टाळक्यात घालावीशी वाटायची.

आज ड्रेसिंग सुटायचं होतं. जखमेत नव्या मांसाची लाली दिसली तर ठीक, नाहीतर सोमवारी पाऊल कापून काढायचं, असं पुण्याच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. सून प्रज्ञा मंचरच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपी करायची. डॉक्टरांच्या मागं लागून हे यंत्र तिनंच आणवलं होतं. आता ती हात धुवायला मोरीत गेली होती, आणि तेवढ्यात सासऱ्यानं हा उद्योग केला होता.

त्याचंही चुकलं नव्हतं म्हणा. अवसरी गावातल्या निम्म्या विहिरींवरच्या मोटारी त्याच्या हाताखालून गेलेल्या. जिथं काम, तिथं वायर, एवढं त्याला ठाऊक. जखम तळव्याला आणि करंट गुडघ्याला, हे पहिल्या दिवसापासून त्याच्या डोक्यात बसत नव्हतं. पण नव्या जागी चकती मुकी झाली आणि त्याला दरदरून घाम फुटला. त्यानं बटण दाबलं, परत दाबलं. पाय लाकडासारखा पडून.

"काय खुडबुड लावलीया?" जानकाबाईनं उशीवरून विचारलं.

"काय न्हाई. तू पड गप."

प्रज्ञा आली, तिनं पायाकडं पाहिलं, मग सासऱ्याकडं. तिनं काही विचारायच्या आधीच तो बोलून मोकळा झाला. जोडणी चुकलीय असं वाटलं, म्हणून आपणच ती हलवली, आता बंद पडली असंल तर ते पाप आपल्या माथी.

प्रज्ञाला हसू आवरेना.

"मामा, मोटर कुठं बसवता तुमी?"

"हिरीवर."

"अन् पाणी कुठं पायजे असतं?"

"शेवटच्या सरीला."

"मग मोटर उचलून सरीत नेऊन ठेवता का?"

हनुमंतनं सरकून तिला जागा करून दिली. प्रज्ञानं चकती पुसून परत गुडघ्याखाली लावली. इथली नस चाळवली की पोटरी आवळते, पोटरी आवळली की रक्त फिरतं आणि फिरत फिरत जखमेपर्यंत जातं, असं ती सांगत होती. पण त्याला आता सांगायची गरज उरली नव्हती. पाऊल उडालं. परत उडालं. उसाच्या फडात टोकाच्या सरीला पाणी पोचलं का बघायला तो जसा धावत जायचा, तसा तो खाटेच्या पायथ्याशी येऊन उकिडवा बसला.

प्रज्ञानं ड्रेसिंग कापलं. जखमेला चिकटलेली शेवटची जाळीची पट्टी तिनं ओली करून सोडवली. मागच्या वेळी आत राखेसारखा रंग होता. आज कडेकडेनं डाळिंबाचे दाणे मांडावेत तसे लाल ठिपके होते. लहान होते, पण चांगले लालभडक होते.

तिनं फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. तिघंही त्या फोनकडं बघत बसली. अखेर तो वाजला. प्रज्ञानं वाचलं, परत वाचलं आणि मग सांगितलं की सोमवारचं ऑपरेशन डॉक्टरांनी तूर्त थांबवलंय. अजून लई दिवस सांभाळावं लागंल, आत्ताच नाचू नका, असंही तिनं बजावलं. हनुमंत बसल्या जागी नाचतच होता.

प्रज्ञानं कापूस सलाईनमध्ये बुडवून जखमेच्या कडेला टेकवला. जानकाबाईनं पाय मागं ओढला.

यंत्रानं तो ओढला नव्हता. तिनं ओढला होता.

"हळू की गं," ती कुरकुरली. "झोंबतंय."

प्रज्ञाच्या हातातला कापूस तसाच राहिला. जानकाबाई एकदा सुनेकडं, एकदा नवऱ्याकडं बघू लागली. आपण काय बोललो ते तिच्याही हळूहळू ध्यानात येत होतं. प्रज्ञाचे डोळे भरून आले आणि तिनं ते दंडाला पुसले.

हनुमंत उठला. चप्पल न घालताच तो अंगणात आला. कुंपणापलीकडं कुशाबा गवताचा भारा सोडत होता. त्यानं सवयीनं विचारलं, "काय भाऊ, वैनीला दुखतंय का?"

"लई दुखतंय," हनुमंत म्हणाला, आणि कुंपणाचा डांब धरून हसत सुटला. "लई दुखतंय तिला, कुशाबा."