टाचणीची वाट

आईला होता तोच आजार दादाला निघाला. नसांमध्ये प्रथिनं साचत जातात आणि पावलं बधिर होतात. या आजारावर अभ्यास करणारे संशोधनवाले औषध देत नाहीत, दर सहा महिन्यांनी पाय तपासून नुसती नोंद करतात.

पाय बधिर झाले तरी दादा टाचणीला घाबरतो. म्हणून तपासणारे सर आधी माझ्या तळपायाला टोचून दाखवतात. मी "आई गं!" करून ओरडते आणि दादा पोट धरून हसतो.

आज सर म्हणाले, "ताई, टाचणी टेकायच्या आधीच ओरडता तुम्ही. जरा डोळे मिटा बघू."

मी डोळे मिटून बसले. बराच वेळ गेला, तसं विचारलं, "सर, टोचताय ना?"

सरांनी टाचणी खाली ठेवली.



दादा म्हणाला, "छोटे, तीनदा टोचून झालं."